जुन्या कॉम्प्युटरवर लिनक्स टाकताना हार्ड डिस्क दिसत नाय? ती कुठे अडकलीय ते असं शोधा

आमच्या गावात, फोंडा तालुक्यात, एक छोटं वाचनालय आहे. तिथे कोणीतरी देणगी दिलेला पेंटियम फोरचा जुना डबा कपाटाच्या बाजूला पडून होता, वर प्लास्टिकचं कव्हर आणि कव्हरवर गेल्या चतुर्थीच्या माटोळीची (गणपतीवर टांगतात ती फळापानांची आरास) उरलेली सुतळी. माझ्या भाच्याने मनावर घेतलं की यावर लिनक्स, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी फुकटची सिस्टीम, टाकायचं आणि पुस्तकांचं रजिस्टर कॉम्प्युटरवर घ्यायचं. संध्याकाळी फोन, "मामा, पेनड्राईव्हवरून सगळं मस्त चालू झालं, पण इन्स्टॉलर म्हणतो डिस्कच नाय. परत दुसरी आयएसओ डाऊनलोड करू?"

नको रे बाबा. हीच चूक सगळे करतात आणि मी पण केलेली आहे, एकदा सलग तीन डिस्ट्रो, म्हणजे लिनक्सचे वेगवेगळे प्रकार, बदलले आणि शेवटी केबल ढिली निघाली. आयएसओचा, म्हणजे डाऊनलोड केलेल्या लिनक्सच्या फाईलचा, दोष शंभरात एखाद्या वेळी असतो. डिस्क दिसत नाय म्हणजे ती वाटेत कुठेतरी अडकलीय, एवढंच. फोंड्याहून पणजीला येणारा माणूस आला नाय तर आपण काय करतो, म्हार्दोळला कोणी बघितला काय, बाणस्तारीला उतरला काय, जुन्या गोव्यापर्यंत तरी पोचला काय असं विचारत जातो ना, तसंच इथे. डिस्कच्या वाटेवर चार स्टँड आहेत: आधी करंट आणि केबल, मग बायोस (मशीन चालू होताना बोर्डावर सगळ्यात आधी जागा होणारा प्रोग्राम), मग लिनक्सचा कर्नल (सिस्टीमचा गाभा, हार्डवेअरशी बोलणारा), आणि शेवटी इन्स्टॉलर. शेवटची कुठल्या स्टँडवर दिसली ते कळलं की शोध त्याच्या पुढच्या तुकड्यात करायचा, बाकी सगळं सोडून द्यायचं.

सुरू करायच्या आधी एक गोष्ट. डिस्कवर कोणाचे लग्नाचे फोटो, हिशेब, काहीही हवं असेल आणि डिस्क टक-टक-टक असा आवाज करत असेल, तर पुढचं काहीच करू नका, बंद करा. प्रत्येक वेळी चालू केली की ती आणखी बिघडते. आणि डिस्कचं झाकण घरी उघडायचं नाय, आत काय दिसणार पण नाय आणि एक धूलिकण पडला तरी खेळ खलास.

कमांड मी उच्चाराप्रमाणे लिहितोय, भाच्याला फोनवर सांगितल्या तशाच. टाईप करताना इंग्रजी छोटी अक्षरं, आणि जिथे स्पेस म्हटलंय तिथे एक जागा सोडायची.

पहिलं काम: लाईव्ह पेनड्राईव्हवरून (इन्स्टॉल न करता लिनक्स चालवतो तो) चालू करा, इन्स्टॉलर उघडू नका, टर्मिनल म्हणजे कमांड टाईप करायची खिडकी उघडा आणि एल एस बी एल के टाईप करून एंटर मारा. आता इथे एक गंमत असते. भाचा म्हणाला, "मामा, दिसली! एसडीए, साडेचौदा जीबी." मी म्हटलं अरे तो तुझा पेनड्राईव्ह आहे, सोळा जीबीचा. डिस्क सापडली नाय की पेनड्राईव्ह स्वतःच एसडीए होऊन बसतो. म्हणून नावावर जाऊ नका, साईजवर जा. ऐंशी जीबीची डिस्क साधारण ७४.५ दिसते, १६० ची १४९, ५०० ची ४६५ च्या आसपास, कारण कंपनी दहाच्या हिशेबाने मोजते आणि कॉम्प्युटर दोनच्या. लूप असं नाव असलेल्या ओळी असतील त्या लाईव्ह सिस्टीमच्या, त्यांच्याकडे बघायचं नाय. यादीत खरी डिस्क असेल तर तुमचा प्रॉब्लेम फक्त इन्स्टॉलरचा, सरळ खाली रेडच्या (दोन-तीन डिस्क एकत्र जोडून वापरायची पद्धत) भागाकडे जा. नसेल तर मशीन बंद करा आणि चालू करताना बायोसमध्ये जा, जुन्या बोर्डांवर डिलीट, काहींवर एफ२ किंवा एफ१०. पहिल्याच पानावर डिस्कचं नाव दिसतं काय बघा. तिथे पण नसेल तर लिनक्सचा काहीच संबंध नाय, स्क्रू ड्रायव्हर घ्या.

आता कॅबिनेट. वायर भिंतीतून काढा, नुसतं बटण बंद नको, मग पॉवरचं बटण पाचेक सेकंद दाबून धरा म्हणजे उरलासुरला करंट जातो. आणि लोखंडी सांगाड्याला हात लावून घ्या.

गोव्यात कॅबिनेट उघडलं की आधी वास घ्यायचा असं माझं मत आहे, हसू नका. चार महिने पाऊस, वर खारा वारा, बंद खोली, आत बुरशीचा वास येतोच. पण जळल्याचा वास वेगळा. मुंग्यांचं वारूळ, कोळ्याची जाळी, एकदा तर एका एसएमपीएसमध्ये, म्हणजे करंट पुरवणाऱ्या डब्यात, पालीची अंडी होती. समुद्राजवळच्या घरातल्या मशीनमध्ये कनेक्टरवर हिरवट पोपटी थर दिसतो, तो तांब्याचा गंज, आणि दिसायला चिमूटभर असला तरी कॉन्टॅक्ट तोडायला पुरेसा असतो. म्हणून सगळ्यात आधी करायचा उपाय सगळ्यात फुकटचा: डेटा केबल आणि पॉवर केबल दोन्ही टोकांकडून काढा आणि परत लावा, तीन-चार वेळा. त्या घासण्यानेच अर्धा गंज निघतो. जास्त असेल तर मेडिकलमध्ये किंवा इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात आयसोप्रोपिल अल्कोहोल मिळतं, कान साफ करायच्या काडीला लावून पुसा आणि पूर्ण सुकू द्या. पाणी नाय, डब्ल्यूडी फोर्टी पण नाय, ते तेलकट राहतं आणि धूळ धरतं.

जुन्या काही डिस्कवर आणखी एक जागा असते जी लोक विसरतात. डिस्कच्या पोटाखाली हिरवी सर्किट पाटी असते, ती चार-पाच चांदणीच्या आकाराच्या स्क्रूंनी बसवलेली, त्याला टॉर्क्स बिट लागतो. पाटी अलगद काढली की आतल्या बाजूला टिकलीएवढे चमकदार कॉन्टॅक्ट असतात, त्यांच्यावरूनच मोटर आणि हेडला सिग्नल जातो. आपल्या हवेत ते काळे पडतात. शाळेतला पांढरा खोडरबर घ्या, हळू घासा, चमकले की पाटी परत बसवा. यात डिस्कचं झाकण उघडत नाय, नुसती पाटी निघते, म्हणून भीती कमी. माझ्याकडे दोन डिस्क या एका खोडरबरावर जिवंत झाल्या. पण आत हवं असलेलं काही असेल तर हा प्रयोग स्वतः करू नका.

आता केबल कुठली ते बघा. चपटी रुंद पट्टी असेल तर आयडीई, त्यालाच पाटा म्हणतात. बारीक लाल नाहीतर निळी केबल असेल तर साटा, ती २००३ च्या सुमारास यायला लागली, त्या काळातल्या बोर्डांवर दोन्ही असतात आणि घोळ तिथेच होतो.

आयडीईला तीन नियम. चांगल्या केबलमध्ये ८० तारा असतात आणि टोकांना रंग असतो: निळं टोक मदरबोर्डला, काळं टोक मास्टर म्हणजे पहिल्या डिस्कला, मधलं राखाडी स्लेव्ह म्हणजे दुसरीला. उलटं लावलं की कधी दिसते कधी नाय. दुसरं जंपर, डिस्कच्या मागे पिनांवर घालायची ती टीचभर प्लास्टिकची टोपी. एकाच केबलवर डिस्क आणि सीडी ड्राईव्ह दोन्ही मास्टर म्हणून सेट असतील तर दोघंही गायब होतात, एका म्यानात दोन तलवारी. काय कुठे घालायचं ते डिस्कच्या स्टिकरवरच चित्र असतं. वेस्टर्न डिजिटलच्या जुन्या काही डिस्कना एकट्या असताना मास्टरचा जंपर चालत नाय, जंपर काढूनच टाकावा लागतो, हे माहीत नसलं की माणूस वेडा होतो. तिसरं, पिना वाकड्या झाल्यात काय ते बॅटरी मारून बघा, सुईने सरळ होतात. आणि शंका वाटली की सीडी ड्राईव्ह सरळ काढून बाजूला ठेवा, डिस्क एकटी लावून बघा, तीच चाचणी सगळ्यात लवकर उत्तर देते.

साटाला जंपरचा मास्टर-स्लेव्ह नसतो, पण केबल नाजूक असते. जुन्या केबलला लॉकची क्लिप नसते, पंख्याच्या कंपनाने ती सुटते. केबल बदला, मग बोर्डावरचं पोर्ट बदला, या क्रमाने. दोन्ही एकदम बदललं तर नेमकं काय खराब होतं ते कळणार नाय.

पॉवरचं. साडेतीन इंची मोठ्या डिस्कला दोन प्रकारचा करंट लागतो, १२ व्होल्ट मोटर फिरवायला आणि ५ व्होल्ट सर्किटला. चालू केल्यावर डिस्कवर बोट ठेवा, बारीक थरथर जाणवते, नाय जाणवली म्हणजे मोटर फिरत नाय. मल्टिमीटर असेल तर मोकळ्या मोलेक्स कनेक्टरमध्ये (चार तारांचा जुना पॉवर कनेक्टर) काळी तार आणि पिवळी तार यांच्यात ११.४ ते १२.६ यायला हवं, काळी आणि लाल यांच्यात ४.७५ ते ५.२५. १२ ची बाजू पडलेली असेल तर मजेशीर प्रकार होतो, मोठी डिस्क दिसत नाय पण छोटी एसएसडी दिसते, कारण तिला फक्त ५ लागतात. मग माणसाला वाटतं डिस्क मेली, आणि मेलेला असतो एसएमपीएस. बोर्डावरच्या उभ्या डबीसारख्या कपॅसिटरांची डोकी फुगलीत काय ते पण बघा, २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांतल्या बोर्डांना तो रोगच होता. मोलेक्सवरून साटा करायचा कन्व्हर्टर लावला असेल तर तो तार घट्ट दाबून बसवलेल्या प्रकारचा घ्या, प्लास्टिक ओतून केलेला स्वस्तातला आतल्या आत शॉर्ट होऊन जळतो. हे मी ऐकीव सांगत नाय, माझ्या टेबलावर जळलाय.

वाचनालयाच्या मशीनला हे सगळं करून झालं. भाच्याने केबल बदलली, पोर्ट बदललं, डिस्क थरथरत होती, आवाज स्वच्छ. पण बायोसमध्ये नाव नाय. शेजारची मावशी दोनदा डोकावून "कितें रे, जालें काय ना?" विचारून गेली. मग मी पावसातून तिकडे गेलो.

बायोसमध्ये डिस्क नसेल आणि करंट-केबल ठीक असेल तर सेटिंग बघायचं. जुन्या बायोसमध्ये प्रत्येक जागेसाठी ऑटो, मॅन्युअल आणि नन असे पर्याय असतात, सगळे ऑटो करा. पुढच्या पानांत पेरिफेरल्स किंवा ऑनबोर्ड डिव्हाइसेस असं काहीतरी असतं, तिथे साटा कंट्रोलर बंद असू शकतो. काही बोर्डांवर प्रत्येक पोर्टला वेगळं ऑन-ऑफ असतं, आणि काहींवर मूळ चिपसेटशिवाय दुसऱ्या कंपनीची एक जादा चिप असते, तिचे पोर्ट वेगळ्या रंगाचे असतात आणि ती बंद असली की ते पोर्ट मेल्यासारखे. २००३-०४ च्या इंटेलच्या बोर्डांवर आणखी एक भानगड: कम्पॅटिबल आणि एन्हान्स्ड असे दोन मोड. विंडोज ९८ सारख्या जुन्या सिस्टीमना फक्त चार ड्राईव्ह ओळखता यायचे, त्यांच्यासाठी कम्पॅटिबल मोड ठेवलेला, आणि त्यात फक्त पाटा असा पर्याय निवडला असेल तर साटाचं पोर्ट अस्तित्वातच नाय असं बायोस वागतं. आमचं नेमकं तेच होतं. एन्हान्स्ड केलं, एफ१० दाबून सेव्ह केलं, डिस्कचं नाव लख्ख. भाचा उड्या मारायला लागला.

त्यापेक्षा थोड्या नव्या मशीनमध्ये साटा मोड म्हणून आयडीई, एएचसीआय आणि रेड असे तीन असतात. लिनक्ससाठी एएचसीआय घ्या, आयडीईवर पण चालतं, थोडं हळू. एक सावधगिरी: त्याच डिस्कवर विंडोज ठेवायचं असेल तर हे सेटिंग असंच फिरवू नका, एक्सपीकडे एएचसीआयचा ड्रायव्हर नसतोच आणि ती चालू होताना निळ्या स्क्रीनवर मरते. परत आयडीई केलं की उठते, घाबरू नका.

साईजची मर्यादा पण लक्षात ठेवा. साधारण २००२ च्या आधीच्या बायोसना १३७ जीबीच्या पुढचं मोजता येत नाय, त्याहून जुन्यांना ३३.८ आणि त्याहून जुन्यांना ८.४ पर्यंतच. मोठी डिस्क लावली तर ती लहान दिसते, किंवा मशीन ओळखताना तिथेच अडकून बसतं. लिनक्सचा कर्नल एकदा चालू झाला की बायोसला विचारत नाय, पूर्ण साईज बघतो, पण ग्रब, म्हणजे लिनक्स सुरू करून देणारा छोटा प्रोग्राम, चालू होताना मात्र बायोसवरच अवलंबून असतो. म्हणून अशा मशीनवर डिस्कच्या अगदी सुरुवातीला अर्ध्या जीबीचं वेगळं बूट पार्टिशन करा, नाहीतर इन्स्टॉल झालं आणि एके दिवशी अपडेटनंतर उठेना असं होतं. पार्टिशन टेबल, म्हणजे डिस्कच्या भागांची यादी, पण जुन्या एमबीआर पद्धतीचं घ्या, टूलमध्ये त्याला एमएस-डॉस म्हणतात.

जुना बोर्ड आणि नवी डिस्क ही जोडी वेगळं दुखणं आणते. व्हीआयएच्या व्हीटी८२३७ सारख्या पहिल्या पिढीच्या साटा चिप फक्त १.५ गिगाबिटवर बोलतात आणि ३ गिगाबिटची डिस्क समोर आली की स्पीड कमी करून घेणं त्यांना जमत नाय, दोघं एकमेकांकडे बघत बसतात. जुन्या हार्ड डिस्कवर याच्यासाठी जंपर असायचा, वेस्टर्न डिजिटलवर पाच आणि सहा नंबरच्या पिना जोडल्या की डिस्क १.५ वर येते. एसएसडीला तो जंपर नसतो. म्हणून अशा बोर्डासाठी हौसेने एसएसडी विकत घ्यायच्या आधी कोणाची तरी उसनी लावून बघा, नाहीतर साधं पीसीआय साटा कार्ड घालावं लागेल.

आता समजा बायोसमध्ये डिस्क आहे पण एल एस बी एल के मध्ये नाय. म्हणजे कर्नलपाशी अडली. सुडो स्पेस डी एम ई एस जी टाईप करा, मग उभी रेघ, मग जी आर ई पी स्पेस डॅश आय स्पेस ए टी ए. भरपूर ओळी येतील, त्यातल्या मोजक्या वाचायच्या. साटा लिंक अप असं दिसलं तर त्या पोर्टवर कोणीतरी बोलतंय. लिंक डाऊन असेल तर तिथे काही नाय, पण रिकाम्या पोर्टला पण लिंक डाऊनच येतं, उगाच घाबरू नका, तुमची डिस्क ज्या पोर्टला आहे तेवढंच बघा. कॉमरीसेट फेल्ड किंवा क्यूसी टाईमआऊट आलं की केबल, पॉवर नाहीतर वरची स्पीडची भानगड. आयसीआरसी असा शब्द दिसला की केबल, जवळपास डोळे मिटून. यूएनसी दिसलं की डिस्कची थाळीच खराब, तिथे केबल बदलत बसू नका.

स्पीडचा संशय असेल तर बूट करतानाच कर्नलला सांगता येतं. ग्रबचा मेनू असेल तर ई दाबा, लिनक्स शब्दाने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी एक स्पेस सोडून लिबएटीए डॉट फोर्स बरोबरचं चिन्ह १.५ जी असं टाका आणि एफ१० दाबा. अँटीएक्ससारख्या हलक्या लिनक्सच्या जुन्या पद्धतीच्या मेनूत खालच्या ओळीत सरळ टाईप करता येतं. चालून गेलं तर इन्स्टॉल झाल्यावर ग्रबच्या सेटिंगमध्ये तेच कायमचं लिहून टाका.

डिस्क सोडा, कंट्रोलरच कर्नलला कळलाय काय हे बघायला एल एस पी सी आय स्पेस डॅश के. त्यात आयडीई, साटा किंवा रेड शब्द असलेली ओळ शोधा आणि खाली कर्नल ड्रायव्हर इन यूज च्या पुढे काय आहे ते वाचा. एएचसीआय, एटीए अंडरस्कोर पीआयआयएक्स, साटा अंडरस्कोर व्हीआयए असं काहीतरी असलं पाहिजे. ती ओळच नसेल तर ड्रायव्हर चढलेला नाय. मग बायोसमधला साटा मोड बदलून परत बघा, बहुतेक वेळा तेवढ्यानेच होतं.

डिस्ट्रो निवडताना ३२ बिटचं विसरू नका, जुन्या पेंटियम फोरवर ६४ बिटची आयएसओ मुळात चालूच होत नाय. उबुंटूने ३२ बिटची डेस्कटॉप आयएसओ २०१७ मध्येच बंद केली, डेबियनने पण १३ व्या आवृत्तीपासून ३२ बिटचा इन्स्टॉलर काढला. डेबियन १२ किंवा अँटीएक्स २३ ची ३२ बिट घ्या. आम्ही अँटीएक्स घेतलं, एक जीबी रॅमवर छान पळतं, लाईव्हमध्ये यूजर डेमो आणि पासवर्ड पण डेमो.

आता रेडचा भाग. एल एस बी एल के मध्ये डिस्क दिसते, इन्स्टॉलरमध्ये मात्र नाय. सेकंडहँड डिस्क असेल तर हमखास कारण हे: ती आधी कुठल्यातरी ऑफिसच्या मशीनमध्ये दोन डिस्कच्या रेड जोडीत होती आणि त्याची खूण तिच्या शेपटाला, अगदी शेवटच्या सेक्टरांत, राहून गेलीय. फॉर्मॅट मारून ती जात नाय कारण फॉर्मॅट तिथपर्यंत पोचतच नाय. इन्स्टॉलर ती खूण बघतो आणि म्हणतो ही कोणाच्यातरी जोडीतली आहे, मी हात लावणार नाय. खात्री करायला सुडो स्पेस डब्ल्यू आय पी ई एफ एस, स्पेस, आणि डिस्कचा पत्ता, म्हणजे तिरकी रेघ डेव्ह तिरकी रेघ एसडीए किंवा जे काय नाव असेल ते. एवढंच लिहिलं तर ही कमांड काही पुसत नाय, फक्त खुणांची यादी दाखवते. यादीत शेवटी रेड मेंबर असं काही असेल, उदाहरणार्थ आय एस डब्ल्यू अंडरस्कोर रेड अंडरस्कोर मेंबर, तर चोर सापडला. पुसायला तीच कमांड, पण पत्त्याच्या आधी डॅश ए, मग डॅश टी आणि ते रेड मेंबरवालं पूर्ण नाव. डॅश टी न देता नुसतं डॅश ए दिलं तर पार्टिशन टेबलची खूण पण जाते, आणि एसडीए ऐवजी चुकून दुसरी डिस्क लिहिली तर त्याहून वाईट. एंटर मारायच्या आधी साईज परत एकदा बघा, हे मी भाच्याला तीन वेळा सांगितलं.

एकदम कोरी डिस्क असली की पण असाच भास होतो. तिच्यावर पार्टिशन टेबलच नसतं म्हणून काही इन्स्टॉलर रिकामं पान दाखवतात. जीपार्टेड उघडा, उजव्या कोपऱ्यातून डिस्क निवडा, डिव्हाइस मेनूतून नवीन पार्टिशन टेबल बनवा, मग इन्स्टॉलर परत उघडा. आणि तुमचा जुना कॉम्प्युटर म्हणजे सात-आठ वर्षांचा लॅपटॉप असेल, एनव्हीएमई डिस्कवाला, तर बायोसमधला इंटेल आरएसटी किंवा रेड मोड काढून एएचसीआय करा. तिथे बहुतेक वेळा हेच कारण असतं, बाकी सगळं वाचायची गरज नव्हती.

डिस्क दिसली म्हणून लगेच इन्स्टॉल करू नका, ती किती दिवसांची सोबती ते बघा. स्मार्टमोनटूल्स पॅकेज टाकून सुडो स्पेस एस एम ए आर टी सी टी एल स्पेस डॅश ए स्पेस डिस्कचा पत्ता. वर मोठ्या अक्षरात पास्ड लिहिलेलं असतं त्याच्यावर विश्वास ठेवू नका, मरायला टेकलेली डिस्क पण पास्ड म्हणते. पाच नंबरची ओळ, म्हणजे बदललेले सेक्टर, आणि १९७ नंबरची, म्हणजे वाचता न येणारे आणि निकाल लागायचे बाकी असलेले, या दोघांच्या शेवटच्या रकान्यात शून्य हवा. १९७ वाढत असेल तर डिस्क सोडून द्या. १९९ मध्ये आकडा असेल तर डिस्कचा दोष नाय, केबलचा, आणि केबल बदलल्यावर तो आकडा कमी होत नाय, फक्त वाढायचा थांबतो.

आमच्या डिस्कचे आकडे शून्य होते. इन्स्टॉल सुरू करणार एवढ्यात लाईट गेली, बाहेर विजा चमकत होत्या, वायर काढून ठेवली आणि घरी गेलो. दुसऱ्या दिवशी भाच्याचा फोन, "मामा, डिस्क परत गायब." मी केबल, एसएमपीएस सगळ्यांना शिव्या घातल्या. मग त्याने सहज सांगितलं की काल पण घड्याळ चुकीचं होतं, कॉम्प्युटर १ जानेवारी दाखवत होता, ब्राउझर प्रत्येक साईटला सर्टिफिकेटची तक्रार करत होता. अरे, हे काल सांगायचं ना! बोर्डावरचा गोल सेल मेलेला. वायर भिंतीत असेपर्यंत सेटिंग टिकतं, वायर काढली की बायोस सगळं विसरून मूळ सेटिंगवर येतं, आणि या बोर्डाचं मूळ सेटिंग म्हणजे तेच, फक्त पाटा. चालू करताना सीमॉस चेकसम असा काही मेसेज येत असेल तरी अर्थ हाच.

सीआर२०३२ सेल कुठल्याही घड्याळवाल्याकडे मिळतो, शंभराच्या आत. नवा ३ व्होल्टचा, मल्टिमीटरवर २.७ च्या खाली आला की बदलायचा. वायर काढून, बाजूची क्लिप नखाने दाबली की जुना वर उडी मारतो, नवा बसवताना अधिकचं चिन्ह वर. मग बायोसमध्ये तारीख-वेळ घाला, एन्हान्स्ड करा, बूटच्या क्रमात पेनड्राईव्ह वर आणा, काही जुने बायोस त्याला पण हार्ड डिस्कच्या यादीत टाकतात तेव्हा तिथे बघा. इन्स्टॉल झाल्यावर क्रम परत बदलून खरी डिस्क पहिली ठेवा, नाहीतर पेनड्राईव्ह काढला की बूटेबल डिव्हाइस नाय म्हणून रडतो आणि तुम्ही परत पहिल्या स्टँडवर.

चाळीस मिनिटांत अँटीएक्स बसलं. बायोसचं कुठलं सेटिंग काय ठेवलं ते एका कागदावर लिहून, सेल बदलल्याची तारीख घालून, कॅबिनेटच्या झाकणाला आतून चिकटपट्टीने लावून टाकलंय.